दुसरा शिकंजा

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा पातेल्यांपासून पाटा-वरवंट्यापर्यंत सगळं दोन ठिकाणी गेलं आणि मागं एक शिकंजा उरला. शिकंजा म्हणजे काही फार मोठी चीज नव्हे. घोड्याच्या नालेसारखी वाकवलेली लोखंडाची जाड कमान, तिच्या एका टोकाला आरपार भोक, आणि त्या भोकात आटे पाडलेला दांडा. दोन फळ्यांना सरस लावून कमानीत धरायच्या आणि दांडा पिळत न्यायचा, की सरस वाळेस्तोवर फळ्या जागच्या हलत नाहीत. आता वसमतच्या कुठल्याही दुकानात असले शिकंजे प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेले दिसतात आणि पोरं त्याला क्लॅम्प म्हणतात. म्हणोत बापडी. पण कुरुंद्याच्या आमच्या घरात तो एकच होता, आज्यानं हैदराबादेहून आणलेला, आणि तो कुणी घ्यायचा ह्या एका गोष्टीपायी सगळं घर अडून बसलं होतं. त्या दिवसांबद्दल मला लिहायचं आहे. आधीच सांगून ठेवते, मला तेव्हा काही कळलं नव्हतं आणि आता केस पांढरे झाले तरी सगळं कळलंय अशातला भाग नाही.

आबा म्हणजे माझे वडील आणि काका त्यांचा पाठचा भाऊ. दोघंही सुतार. अंगणात पत्र्याची शेड होती, तिच्यात एका अंगाला आबा बैलगाडीच्या चाकाचे आरे वासल्यानं ताशीत बसायचे आणि दुसऱ्या अंगाला काका दाराच्या चौकटींवर रंधा फिरवायचा. आबांचा वासला टक्‌टक्, टक्‌टक्, नेहमी घाईत. काकाचा रंधा लांब, संथ, मधेच थांबून पुन्हा सुरू. मी डोळे मिटूनसुद्धा सांगू शकले असते की आता कोण काम करतंय आणि कोण तंबाखू मळतंय. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच, आणि मी शेडमध्ये राबायला लागले. शेजारच्या लोहाराकडं भाता ओढायचा, हातड्रिलची मूठ फिरवायची, कानशीनं लोखंड घासायचं. माझ्या हातांना लोखंडाचा वास यायचा. माय म्हणायची, "ह्या हातानं भाकर थापू नगं, नाल खाल्ल्यावाणी लागते." तरी भाकरी मीच थापायचे, कारण काकीला माझ्याच हातच्या आवडायच्या.

काकी माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल-नसेल. ती नवी नवरी होऊन आली तेव्हा तिला घरात बोलायला कुणी नव्हतं आणि मला तर कुणीच नव्हतं, कारण मी एकटीच. तेव्हापासून आम्ही दोघी एका ताटात जेवायचो. माय येसरची आमटी करायची, तिखटजाळ, नाकातून पाणी काढणारी. काकी हुलग्याचे शेंगोळे करायची आणि त्यातला रस्सा गुपचूप मला जास्त वाढायची. हळद शिजवायचे दिवस आले की गावभर तो ओला, मातकट, जरा कडसर वास सुटायचा, सगळ्यांच्या टाचा पिवळ्या व्हायच्या, आणि आम्ही दोघी संध्याकाळी ओट्यावर बसून पाय घासत हसत सुटायचो. कशाला हसायचो ते विचाराल तर सांगता येणार नाही. हसायचो एवढं खरं.

तर अशाच हळदीच्या दिवसांत वाटणी ठरली. काहून ठरली? कोणी म्हणायचं, बैलगाड्यांचं काम सरत चाललं, काकाला वसमतला जाऊन सोफे आणि शोकेसा बनवायच्यात. कोणी म्हणायचं, मायचं आणि काकीचं पटत नाही. हे तर साफ खोटं, दोघी एकमेकींच्या डोक्याला तेल घालत बसायच्या. कोणी म्हणायचं काकाच्या सासरच्यांनी कान भरले. मी आबांना विचारलं तर ते म्हणाले, "तुझ्या काकाला जायचं हाय." काकाला विचारलं तर तो म्हणाला, "दादाच्या मनात हाय." आता ह्यात मी काय समजायचं? भांडण म्हणावं तर कुणी कुणाला चढ्या आवाजात एक शब्द बोललं नव्हतं. उलट दोघं भाऊ एकमेकांशी इतकं जपून बोलायला लागले की पाहुणे वाटावेत. "दादा, हा पटाशीचा जोड तुमी ठेवा." "न्हाई न्हाई, तू घे, तुला लागंल." असं दिवसभर. माझं डोकं उठायचं. अंगणात दुसरी चूल मांडली गेली, दोन ठिकाणी धूर निघायला लागला, आणि माय त्या चुलीवरून ह्या चुलीवर वाट्या पोचवायला लागली.

आमच्याकडं रीत अशी, की मोठ्यानं दोन वाटे लावायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. मोठ्यानं लबाडी करायची म्हटलं तरी करता येत नाही, कारण चांगला वाटा धाकटाच उचलून नेणार. आबांनी सगळ्या हत्यारांचे वाटे लावले. करवतींना करवती, रंध्यांना रंधे. शिकंज्यापाशी घोडं अडलं. भावकीतलं कुणी मधे नको म्हणून हमीदचाचांना पंच म्हणून बसवलं होतं. हमीदचाचा आमचे शेजारी, लोहार. आमच्या चाकांना लोखंडाची धाव चढवायची ती त्यांच्याच भट्टीवर, आज्याच्या काळापासून.

काका म्हणाला, "बाजारातून एक आणू."

"बाजारचा ओतीव असतो," आबा म्हणाले. "जोर लावला की तटकन मोडतो. अन् मग बापाचा कुणी घ्यायचा?"

हमीदचाचांनी दाढी खाजवली. "तो दुसरा बनाव. बराबर ऐसाच. फिर बांटो."

"मी बनवतो," आबा म्हणाले.

"तुम नक्को. बांटनेवाला बनाया तो उसको मालूम रहता, कौनसा पक्का हौर कौनसा कच्चा."

"मग मी?" काका म्हणाला.

"तू तो उठानेवाला. तू बिलकुल नक्को."

तेवढ्यात चुलीपासून माय माझ्याकडं बघून म्हणाली, "मग ह्या यसीला सांगा की. पोरीला कुठं वाटा हाय?"

माय गमतीनं बोलली होती. काका हसला, आबा हसले, मीही हसले, कारण हसायचं असतं असं वाटलं. पण चाचा हसले नाहीत. ते म्हणाले, "सही बात है. इसकू न बांटना, न उठाना. यही बनाएगी." आता पोरींच्या वाट्याचा कायदा झालाय. तेव्हा मायच्या बोलण्यात कुणाला काही गैर वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. मला दुसरीच काळजी लागली. शिकंजा झाला की वाटणी पुरी, आणि वाटणी पुरी झाली की काकी चालली वसमतला. म्हणजे काकीला घराबाहेर काढायचं काम माझ्या गळ्यात आलं होतं, आणि ते नीट कर म्हणून सगळे मला सांगत होते.

सुरुवात मी एका जुन्या चाकाच्या उतरलेल्या धावेपासून केली. तिचा तुकडा चाचांच्या भट्टीत लाल करून छिन्नीनं तोडला, ऐरणीवर ठोकून वाकवला. पहिली कमान चांगली दिसली, पण फळी धरून आवळायला गेले तर फळी राहिली बाजूला आणि कमानीचंच तोंड वासलं. चाचा म्हणाले, "पट्टी डबल कर." मग दोन पट्ट्या एकावर एक बसवून त्यांना रिबिटा मारल्या, आणि ती कमान मात्र धरली. भोकात आटे पाडायला चाचांचा टॅप. तेल सोडत जायचं, अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, नाहीतर टॅप आतच मोडतो आणि मग बसा रडत. दांड्याला डाय. तिथंही तेच, पुढं आणि मागं. मला त्या दिवसांत माझं मनही तसंच चालतंय असं वाटायचं, फक्त पुढचा फेरा आणि मागचा फेरा सारखाच पडायचा.

आणि घरातली माणसं! आबा येता-जाता विचारायचे, "यसे, झालं का? लटकत ठेवू नगं, उरकून टाक." काका म्हणायचा, "सावकाश कर गं. घाई काय हाय?" पण काका तर जाणार होता, मग घाई त्याला नको होती? माय म्हणायची, "होऊन जाऊ दे माय एकदाचं, ह्या दोन चुलींचा लई वैताग आला." काकी माझ्या तळहाताच्या फोडांना हळद-तेल लावायची आणि खाली बघत बोलायची, "हात दुखून राहिले तर राहू दे की दोन दिवस." मी राहू द्यायचे. मग आबा टोकायचे. मग मी पुन्हा कानस घ्यायचे. कुणाचं ऐकावं हेच कळेना. मुद्दाम वाईट करावं तर चाचांपुढं नाक कापलं जाणार, चांगलं करावं तर काकी जाणार. मी ताटावर बसून घास हातात धरून राहायचे आणि काकी माझ्या तोंडाकडं बघत राहायची.

दांडा तयार झाला. मी तो पुसून, तेल लावून शेडमधल्या फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी कमानीत बसवायला गेले तर शिरेचना. उजेडात धरून पाहिला, तर एका बाजूचे आटे ठेचलेले. हातोड्याचे चार-पाच घाव, वेडेवाकडे, रागात घातल्यासारखे. मला काय वाटलं असेल सांगा? मला आनंद झाला! ह्या घरात कुणाला तरी वाटणी नको होती. माझ्याशिवाय आणखी कुणाला तरी.

मी पळत काकीकडं गेले. तिनं दांडा पाहिला, इकडं-तिकडं बघितलं आणि माझा गाल ओढला. "तूच केलं नं? बरं केलं बाई."

"म्या न्हाई केलं!"

"बरं बरं. मी कुणाला सांगत न्हाई."

घ्या. म्हणजे काकी नाही. मायकडं गेले तर तिनं कपाळाला हात लावला, "काहून मोडलंस गं? हौस हाय का तुला?" म्हणजे मायही नाही. आबांनी दांडा हातात फिरवला, माझ्याकडं न बघता म्हणाले, "पडला असंल. दुसरा कर." काकानं तर दांडा नीट बघितलाही नाही. म्हणाला, "व्हतंय असं. नवा कर, सावकाश." सगळ्यांना वाटत होतं की मीच मोडला, आणि सगळे मला सांभाळून घेत होते. मी न केलेल्या गोष्टीबद्दल इतका लाड माझा आयुष्यात कधी झाला नाही. माय त्या दिवशी मला धपाट्यांवर दोनदा लोणी घालून गेली. मी खाल्ले. करणार काय?

मी दुसरा दांडा केला. तोही फळीवर ठेवला, आणि तोही गेला. पण ह्या खेपेला हातोडा नव्हता. कुणीतरी कानस घेऊन आटे एका सरळ रेषेत घासून टाकले होते, इतके नीट की त्या जागेवरून बोट फिरवलं तर गुळगुळीत लागायचं. मी डोकं लढवलं. हातोड्याचा आवाज होतो हे ध्यानात आलं म्हणून त्या माणसानं ह्या वेळी कानस वापरली असणार. माणूस एकच असणार, हे मी धरूनच चालले होते. पुन्हा काकीवर संशय घेतला, मायवर घेतला, एकदा तर चाचांवरही घेतला. विचारायची सोय नव्हती. विचारलं की जो-तो माझ्याकडंच बघून हसायचा.

आता कुणी विचारेल, मग तिसरा दांडा केला कशाला? तेच तर. वसमतला काकानं खोली घेतली, टेम्पो सांगून झाला, चाचा म्हणाले, "बेटी, अब बस हुआ." हे सगळं खरं. पण आणखी एक खरं आहे, आणि ते मी त्या वेळी कुणाला बोलले नाही. मला ते काम आवडायला लागलं होतं. तिसऱ्या दांड्याचे आटे असे साफ आले की भोकात तो नुसत्या दोन बोटांनी फिरायचा. त्याच्या टोकाला फिरती टोपी बसवली, मागं आडवी सळई घालून तिची टोकं ठोकून गोल केली. तो मोडावा असंही वाटत होतं आणि कुणी हात लावला तर हात तोडीन असंही वाटत होतं. तो दांडा मी पिठाच्या डब्यात, पिठात पुरून ठेवला. कुणाला सापडला नाही. पुढं कितीतरी दिवस तो पिठातून काढतानाची माझीच आठवण मला विचित्र वाटायची, की ही पोरगी नक्की कुणाच्या बाजूनं होती.

टेम्पो आला त्या सकाळी काकीचं सामान चढवून झालं. आबांनी अंगणात पोतं अंथरलं, त्यावर दोन्ही शिकंजे शेजारी शेजारी ठेवले. चाचा खाटेवर बसले. काका उकिडवा बसला. त्यानं आज्याचा शिकंजा उचलला, दांडा फिरवून पाहिला, खाली ठेवला. मग माझा उचलला. फिरवला. परत फिरवला. आणि हातातच धरून ठेवला.

"हा," काका म्हणाला.

"त्यो न्हाई," आबा म्हणाले.

चाचांनी मान वर केली. "रीत है भाई. छोटा उठाएगा."

"बापाचा घे. बापाची वस्तू हाय ती."

"बापाची तुमी ठेवा दादा. मला यसूचा पायजे."

"काहून? यसू माझी पोरगी हाय!"

"अन् माझी कोन हाय?" काका ओरडला.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी ओरडलं होतं. आबा एकदम उठले. त्यांचा आवाज चिरकला. "तुला काय करायचा त्यो? तुला जायची घाई झाली! त्यो शिकंजा होऊच नये म्हणून म्या त्याचे आटे ठेचले, ठाव हाय का तुला?"

काका आबांकडं बघतच राहिला.

"तुमी? कवा?"

"पयल्या खेपेला."

काका खाली पोत्यावरच बसला. शिकंजा त्याच्या मांडीवर होता. "मग दुसऱ्या खेपेला मी घासले," तो म्हणाला. "मला वाटलं, पयल्यांदा यसीनंच मोडला. मला वाटलं, तुमालाच आमी जायला पायजे."

"आन् मला वाटलं तुला जायचं हाय," आबा म्हणाले.

हे ऐकून माझं काय झालं असेल! मला वाटलं, झालं, संपलं, आता हे दोघं हसतील, माय रडेल आणि आम्ही सगळे मिळून टेम्पो रिकामा करू. मी तर टेम्पोकडं गेलेसुद्धा, काकीच्या गाठोड्याला हात घातला. कुणी माझ्यामागं आलं नाही. मी वळून विचारलं, "मग आता काहून चाललात?"

ह्याचं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही. काका म्हणाला, "खोली घेतली की आता." आबा म्हणाले, "समद्या गावाला सांगून बसलोत." माय पदर तोंडाला लावून नुसती उभी होती. ही काय कारणं झाली? खोली सोडता येत नाही? गावाला पुन्हा सांगता येत नाही? पण मोठी माणसं अशी खाली बघत उभी होती की जणू टेम्पोनंच हे सगळं ठरवलं होतं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, आणि त्यासरशी सगळे हलायला लागले. चाचांनी काकाच्या मांडीवरचा शिकंजा काढून माझ्या हातात दिला. "ये पोरी का. इसकू कोई नहीं उठाता," ते म्हणाले. मग जुना राहिला. आबा काकाला म्हणाले, "घेऊन जा." काका म्हणाला, "राहू द्या." दोघांपैकी कुणीच हात लावला नाही. काकीनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, आणि ती ड्रायव्हरशेजारी चढून बसली, काका मागं सामानात.

टेम्पो निघाला तेव्हा मी पळत सुटले. शिकंजा चांगला जड होता, तो पोटाशी धरून मी वसमतच्या रस्त्यानं पळत होते. काकाला तो द्यायचा म्हणून पळत होते की काकीला खाली ओढायचं म्हणून, ते मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. "काका! थांबा! ओ काका!" दोन्ही बाजूंनी हळद वाळत घातलेली, धुरळ्यात काही दिसेना. टेम्पो काही थांबला नाही. पुढं वळणावर तो दिसेनासा झाला आणि मी दम लागून रस्त्यातच उभी राहिले. तेव्हा मागून पायांचा आवाज आला. वळून पाहिलं तर आबा पळत येत होते. पायात चप्पल नव्हती, धोतराचा सोगा सुटलेला, आणि हातात आज्याचा शिकंजा.

माझ्यापाशी येऊन ते वाकले, गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत राहिले. मग वर बघितलं.

"थांबला न्हाई?"

"न्हाई."

"मग आता?" आबांनी विचारलं, आणि ते मला विचारत होते.